बाबांच्या बिअरचं शेपूट

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. पळा परत पाठव, तो दुकानाचा आहे. बोललीस ते सिद्ध कर, नाहीतर सगळ्यांसमोर शब्द मागे घे. तोपर्यंत पायरी चढू नकोस. वर 'प्रिय' लिहिलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही.

उत्तर तेवढंच छोटं आहे. पळा पाठवणार नाही. शब्द मागे घेणार नाही. आणि पायरीचं म्हणशील, तर तीस वर्षं मी त्या पायरीवरून माल्टची पोती आत ओढली आहेत. तू तेव्हा गिऱ्हाइकांशी गप्पा मारत असायचास.

वहिनीला सांगताना तू माझ्या बोलण्यात बरंच पदरचं घातलंस असं कळलं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. त्या रविवारी दुपारी दुकान भरलेलं होतं. तू नवीन पिंप उघडलंस आणि पहिला ग्लास नेहमीसारखा माझ्यापुढे ठेवलास. मी घोट घेतला, गिळला आणि थांबले. काहीच आलं नाही. मग मी म्हटलं, "ही बाबांची बिअर नाही. तू माल्ट बदललंस आणि कुणाला सांगितलं नाहीस. लोकांना फसवतोयस." 'चोर' म्हटलं नव्हतं. ते तू तुझ्याकडून जोडलंस. बाबा ज्याने बिअरचा रस ढवळायचे तो वल्ह्याएवढा लाकडी पळा मात्र मीच भिंतीवरून काढला आणि बाहेर पडले. ते खरं आहे.

शेपूट गेलंय, दादा. बाबा म्हणायचे, घोट गिळून जीभ रिकामी झाली की मग ते येतं. जराशी लवंग, जरासा धूर, ओल्या गवताचा वास. मांजर खोलीतून निघून गेल्यावर दारात त्याचं शेपूट तेवढं दिसावं तसं. लोक आपल्याकडे त्या शेपटासाठी यायचे. बाबा गेले त्यानंतर सहा महिन्यांत तू स्टीलच्या टाक्या आणल्यास, पोत्यांवरचा शिक्का बदलला, आणि एकेका पिंपागणिक शेपूट आखूड होत गेलं. आता नाहीच.

मेच्या शेवटच्या रविवारी दुकानाला पन्नास वर्षं होतात. बाबांचा फोटो लावून तू एक खास पिंप उघडणार आहेस, त्यावर 'बाबांची बिअर' असं लिहिणार आहेस, हेही कळलं. शेपूट नसलेल्या बिअरवर मी बाबांचं नाव लागू देणार नाही. म्हणून निघाले आहे. या भागात स्वतःची बिअर स्वतः बनवणारे जेवढे ब्रूपब आहेत, तिथे जाऊन चाखणार आहे. आपलं जुन्या शिक्क्याचं माल्ट वापरणारा कुणीतरी सापडेल, त्याच्या ग्लासात शेपूट सापडेल, आणि तो ग्लास मी तुझ्या काउंटरवर आणून ठेवीन.

पळा सोबत आहे. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "मावशी, होडी कुठंय?" मी म्हटलं, "मागून येतेय." सगळी बस हसली. तू असतास तर तूही हसला असतास, आणि मग हसलास म्हणून चिडला असतास.

तुझी बहीण
(हे काही तुला बदलता येत नाही)


१९ फेब्रुवारी

दादा,

पाच ब्रूपब झाले. वही अर्धी भरली.

तुला वाटत असेल मी गावोगाव बसून पीत सुटले आहे. तुझी लेक फोनवर म्हणाली, "आत्या, तुझी मजा आहे." मजा काय करायची? सकाळी अकराला रिकाम्या पोटी, तोंड कोमट पाण्याने धुऊन, चार छोटे ग्लास. प्रत्येकाचे तीन घोट. मग अर्धा तास कोरडी पोळी चावत बसायचं. बाबांनी शिकवलं तसंच सगळं. तिसऱ्या दिवसानंतर बिअर म्हटलं की पोळीच आठवते.

पहिला ब्रूपब एका जुन्या छापखान्यात आहे. मालक आधी दातांचा डॉक्टर होता, आणि अजून बोलताना माणसाच्या दातांकडेच बघतो. त्याची काळी बिअर फार सुरेख. फेस चमचा उभा राहील इतका दाट, चव भाजलेल्या पावाच्या कडेची. पण घोट गिळला की संपली. दुसऱ्या ठिकाणी गव्हाची बिअर होती, गढूळ आणि गोड, आणि तिथल्या बाईने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली म्हणून मी ती वाईट आहे असं वहीत लिहिलं नाही. तिसऱ्या ठिकाणी बिअरमध्ये फळं घालतात. त्यावर मी काही लिहीत नाही.

चौथ्या ठिकाणी, नदीकाठी, एक जाड चष्मा लावणारी बाई बिअर बनवते. वय तिशीच्या आतलं, पण हात आपल्यासारखे, नखांच्या कडेने फाटलेले. तिच्याकडे जुन्या शिक्क्याचं माल्टही आहे आणि नव्याचंही. मला वाटलं, सापडलं. पण त्या दिवशी प्रवासाने माझं डोकं दुखत होतं, नाकही चोंदलं होतं, त्यामुळे नीट चाखता आलं नाही. तिच्याकडे पुन्हा जावं लागेल.

पाचवा सांगण्यासारखा नाही.

तुझं दुसरं पत्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं होतं, ते डॉक्टरने पाठवून दिलं. एकच ओळ: "पळा दे आणि विषय संपव." आता तीन ओळींवरून एकीवर आलास. पुढच्या वेळी नुसतंच पाकीट पाठवशील. भिंतीवर दोन खिळे उघडे पडले म्हणून एवढं झोंबतंय तुला? तिथे कॅलेंडर लाव.

बहीण


८ मार्च

दादा,

आज एका माणसाला पळ्याने मारायचं तेवढं बाकी राहिलं.

बस डेपोच्या मागे, चढावर, एक छोटा ब्रूपब आहे. चारच टेबलं. चालवणारे शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. बिअर एकच बनवतात, फिकट, कडू, काचेसारखी स्वच्छ. मी तीन घोट घेतले आणि प्रामाणिकपणे म्हटलं, "यात चूक नाही." ते म्हणाले, "चूक नसावी म्हणूनच बनवतो." असा माणूस.

त्यांनी पळ्याकडे बघून विचारलं, हे काय. मग मी सगळं सांगितलं. उकळलेला गोड रस गार झाला, की यीस्ट घालायच्या आधी बाबा पळा बुडवून तीन उलटे फेरे द्यायचे. आपल्या दोघांना लहानपणी ते फेरे मोजायला उभं करायचे, आणि तू कायम चार मोजायचास. मी हे कौतुकाने सांगत होते, आणि मास्तरांचा चेहरा उतरत चालला होता.

"गार झालेल्या रसात? लाकूड?"

"हो."

"आणि धुवायचे कशाने?"

"पाण्याने. मग उन्हात."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बाई, राग मानू नका. उकळत्या रसात काहीही घाला, मरून जातं. गार रसात लाकूड घातलं की लाकडात शिरून बसलेलं सगळं रसात उतरतं. लवंग, धूर, ओलं गवत, ही रानटी यीस्टची चव आहे. पुस्तकात दोषांच्या यादीत पहिल्या पानावर. तुमच्या वडिलांची बिअर इतकी वर्षं बिघडलेली होती."

मी काय बोलले ते लिहीत नाही. डेपोतले दोन ड्रायव्हर बिअर अर्धी टाकून बाहेर जाऊन उभे राहिले, एवढं सांगते. बाबांची बिअर बिघडलेली म्हणे. ज्यांच्या हाताखाली तू आणि मी शिकलो, ज्यांच्या बिअरसाठी लोक दोन-दोन तास प्रवास करून यायचे, ते काय सगळे बिघडलेल्या तोंडाचे होते?

रागाने बाहेर पडले आणि डेपोच्या बाकावर बसले. बस लागली होती, चढले नाही. कारण मास्तर म्हणाले ते डोक्यातून जाईना. आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती, ती आता लिहिते. लिहिलं नाही तर माझं मलाच गिळता येणार नाही.

चष्मेवालीकडे माझं डोकं दुखत नव्हतं. नाकही ठणठणीत होतं. तिने माझे डोळे बांधले, सहा ग्लास ठेवले, तीन जुन्या माल्टचे, तीन नव्याचे, आणि म्हणाली, "वेगळे करून दाखवा." मला एकही ओळखता आला नाही. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. नवं आणि जुनं माल्ट एकच आहे, दादा. शिक्का तेवढा बदलला आहे. तू खरं बोलत होतास.

हे तुला सांगितलं, याचा अर्थ शब्द मागे घेतला असा नाही. अजून तपास पूर्ण व्हायचाय.

बहीण


११ मार्च

दादा,

मी मास्तरांकडेच राहिले आहे. वरच्या मजल्यावर त्यांची बहीण राहते, तिने खोली दिली. तिलाही ऐकून न घेणारा भाऊ आहे, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

मास्तर म्हणाले, भांडण्यापेक्षा करून बघू. पण पळ्याला त्यांनी दाराच्या आत पाऊल ठेवू दिलं नाही. त्यांच्या टाक्यांना लागण होईल म्हणे. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये दोन छोटी पिंपं मांडली. एकाच कढईतला, एकाच माल्टचा रस, निम्मा-निम्मा. एका पिंपात मी पळ्याने तीन उलटे फेरे दिले, दुसऱ्यात काही नाही. शेडमधून आत येताना मला एप्रन बदलायला लावला आणि हात कोपरापर्यंत धुवायला लावले. बाबा हे बघून पोट धरून हसले असते.

आता तीन आठवडे थांबायचं. पळ्याच्या पिंपात शेपूट उतरलं तर मास्तर खरे. नाही उतरलं तर मी खरी, आणि मग त्यांची ती पुस्तकं काय करायची ते मी त्यांना सांगणार आहे.

एवढ्यात लिहिणार नाही.


२ एप्रिल

दादा,

आज दोन्ही पिंपं उघडली. मास्तर, त्यांची बहीण आणि मी. मास्तरांनी डोळे मिटून चाखलं, मी उघडे ठेवून.

दोन्ही बिअर सारख्या. पळ्याच्या पिंपात शेपूट नाही. नावालाही नाही. स्वच्छ, सपाट, मास्तरांच्या बिअरसारखी. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "बघा, माझ्या बाबांचा पळा निर्दोष आहे. निघाली तुमच्या पुस्तकाची हवा." त्यांच्या बहिणीने मला अजून एक ग्लास दिला. पाच मिनिटं मी इतकी खूश होते, की काय सांगू.

मग लक्षात आलं की मी आनंद कशाचा करते आहे. शेपूट पळ्यात नाही, माल्टमध्ये नाही, म्हणजे ते कुठेच नाही. बाबांबरोबर गेलं. मी जिंकले होते आणि हातात काही राहिलं नव्हतं. मला रडू आलं. परक्या लोकांसमोर आलं, त्याचं मला काही वाटत नाही.

मास्तर तोवर शेडमध्ये जाऊन पळ्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी नखाने दांड्यावर खरवडलं आणि मला हाक मारली.

"बाई, याला वार्निश कुणी लावलं?"

दादा, तू लावलंस.

मी पाहिलं होतं तुला. बाबा गेले त्याच महिन्यात, मागच्या अंगणात स्टुलावर बसून तू तीन दिवस पळा घासत होतास. आधी जाड कागदाने, मग बारीक कागदाने, मग वार्निशचे तीन हात. मी जाता-येता तुला टोमणे मारले, की त्यापेक्षा दुकानाची फरशी घास. तू मान वर केली नाहीस. मला वाटलं दिखावा चाललाय. तो दिखावा नव्हता, हे मला आज या शेडमध्ये कळतंय. मी बाबांसाठी आरडाओरडा केला, तू घासत बसलास. आणि तुझ्या त्या घासण्याने वरचं लाकूड गेलं, वार्निशने उरलेल्या लाकडाची छिद्रं बंद केली. वर तो भिंतीवर टांगला गेला, आणि स्टीलच्या ढवळण्याने काम सुरू झालं. जुन्या पिंपांत त्या रानटी यीस्टचं उरलंसुरलं होतं ते प्रत्येक धुण्याबरोबर गेलं. म्हणून शेपूट एकदम गेलं नाही, आखूड होत गेलं.

म्हणजे मास्तर खरे आहेत. बाबांची बिअर इतकी वर्षं बिघडलेली होती. आपण दोघं त्यातच वाढलो, त्यामुळे आपल्याला कधी कळलं नाही.

असू दे बिघडलेली. हे मी मास्तरांना तोंडावर सांगितलं. जगातल्या सगळ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर तिला दोष म्हणून छापा, मला तीच हवी आहे. स्वच्छ बिअर मी दोन महिने गावोगाव प्यायले. चांगल्या होत्या, कारागीर चांगले होते. पण त्यांतली एकही मला दुसऱ्या दिवशी आठवली नाही.

मास्तर म्हणाले, "वार्निश वरवरचं असतं. आतलं लाकूड अजून पहिल्यासारखंच असेल."

मी विचारलं, "करवत आहे?"


२६ एप्रिल

प्रिय दादा,

मी बाबांचा पळा कापला.

हे आधी लिहिते, म्हणजे तू रागावून घेशील आणि मग पुढचं वाचशील. पात्याच्या टोकाकडून वीतभर. मास्तरांनी दुसरी बाजू धरली आणि तोंड फिरवलं, मीच कापला. वरून तुझ्या वार्निशने आरशासारखा चमकत होता, आत काळपट, भेगाळलेला, आणि कापताना जो वास आला, दादा, तो बाबांच्या एप्रनचा वास होता. मी थांबले नाही. थांबले असते तर पुरा कापता आला नसता.

वीतभर तुकडा एका साध्या काठीला बांधला. नवीन रस, नवीन पिंप, तीन उलटे फेरे. मास्तर मोजायला उभे होते आणि त्यांनी बरोबर तीनच मोजले, तुझ्यासारखे चार नाही. मग तीन आठवडे मी त्यांच्या टाक्या घासल्या, त्यांच्या बहिणीची बडबड ऐकली, आणि त्या शेडकडे न बघता शेडभोवती फिरले.

काल उघडलं. घोट घेतला, गिळला, थांबले. आधी काही नाही. मग लवंग. मग धूर. मग ते ओलं गवत.

मास्तरांनीही चाखली. म्हणाले, "हा दोषच आहे." आणि ग्लास परत पुढे केला.

आता कामाचं. सोबत दोन गोष्टी येत आहेत. एका खोक्यात चार बाटल्या. दोनांवर काही लिहिलेलं नाही, त्या मास्तरांच्या स्वच्छ बिअरच्या. दोनांवर दोरा बांधलाय, त्या आपल्या. आधी स्वच्छ पी, मग आपली. वहिनीलाही दे. तिने मला फोनवर सांगितलं आहे, तू हल्ली दुकान उघडायच्या आधी बाबांच्या ग्लासात एक घोट घेतोस आणि उरलेली मोरीत ओततोस. रोज. तुला सांगू नको म्हणाली होती, मी सांगते. तुलाही शेपूट हवंय. तू माझ्याइतकं ओरडला नाहीस, एवढाच फरक.

आणि खालचं एवढं काउंटरपाशी उभा राहून मोठ्याने वाच. मी बोलले ते भरल्या दुकानात बोलले होते, तर मागेही भरल्या दुकानातच घेणार.

"माझ्या भावाने माल्ट बदललं नाही. त्याने कुणाला फसवलं नाही. मी चुकीचा आरोप केला आणि तो मागे घेते. बिअर बदलली ती त्याने वडिलांचा पळा जपून ठेवला म्हणून. आमच्या वडिलांची बिअर शास्त्राप्रमाणे बिघडलेली होती. मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही ती पुन्हा बिघडवणार आहोत. ज्यांना स्वच्छ हवी त्यांनी बस डेपोमागे मास्तरांकडे जावं, तिथली उत्तम आहे."

यातला एकही शब्द गाळू नकोस. विशेषतः 'आम्ही'.

दुसरी गोष्ट त्या लांब खोक्यात आहे. पळा. वीतभर टोक मी ठेवलंय, बाकी सगळा तुझा, दांड्यावरच्या तुझ्या वार्निशसकट. तीन आठवड्यांचं गणित तुला येतं. पन्नासाव्या वर्षाचा रस मेच्या पहिल्या आठवड्यात उकळायला घ्यावा लागेल. गार झाला की पळा बुडव, कापलेली बाजू खाली, आणि उलटे फेरे दे. तीन. मोजता येत नसतील तर थांब, मी शनिवारी दुपारच्या बसने पोहोचते आहे. पायरीवर उभी राहून विचारणार नाही, सरळ आत येणार आहे.

मी येईपर्यंत भिंतीवरचे ते दोन खिळे काढून ठेव.

तुझी बहीण